आईच्या कानाचं ऑपरेशन

सांगली, ता. ७ जानेवारी १९७४

ती. दादांस, विजयमालेचा सा. न. वि. वि.

आईच्या कानाचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले. कुड्यांच्या वजनानं फाटलेली पाळी डॉक्टरांनी लय निगुतीनं शिवली, पण आज टाक्यांची कड काळी पडलीय. विडी ओढणाऱ्याच्या जखमेला रक्त नीट पोचत नाही, तेव्हा असं होतं, म्हणाले. दाखल करताना त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्हीच ताडकन उठून म्हणालात ना, पाटलांच्या बायका विडीला शिवत नाहीत म्हणून? अहो दादा, आई गोठ्यामागं रोज बंडल संपवते हे म्हशींनासुद्धा ठाऊक आहे! इथंही न्हाणीमागं जाते आणि खोकत परत येते.

वैशाखात तुमच्या चंद्राच्या लग्नात कुड्या घालून मिरवायचं, म्हणून तिनं हे सोसलंय. पाळी सडली तर? मला भीती वाटते. डॉक्टरांना खरं सांगू का? वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
विजू

शिरवळ, ता. ११ जानेवारी १९७४

चि. सौ. विजूस, लालासाहेबाचे अ. उ. आ.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. खबरदार, एक अक्षर बोलशील तर! त्या दवाखान्यातला कंपाउंडर आपल्या गावचा आहे. चावडीवर बोभाटा होईल, चंद्राच्या सासरी कळेल, आणि सोसायटीच्या चेअरमननं तोंड कुठं लपवायचं? चूक डॉक्टरचीच, दोरा हलका वापरला असणार. कलेक्टरकडं अर्ज करीन, असं खरमरीत पत्र त्याला टाकलंय. फौजेत मला गोळी लागली तेव्हा मी रोज दोन पाकिटं ओढत होतो, काही झालं का?

गडी नाथाजीबरोबर लाडवांचा डबा पाठवतोय. तळाला कागदात गुंडाळलेलं आहे, ते आईला गुपचूप दे. त्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही आणि तिचे हाल मला बघवत नाहीत. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
दादा

सांगली, ता. १९ जानेवारी १९७४

चि. लालास, आईचा आशीर्वाद.

अक्षर नर्सबाईंचं हाय, बोल माजं. लाडू पोचलं. खालचं बंडलबी पोचलं, त्यातल्या चार वडल्या.

काल पट्टी सोडली तवा पाळीचा तुकडाच गळून पडला. तुजं धमकीचं पत्र हातात घिऊन डॉक्टर माजीच माफी मागाय लागलं. तुज्या निम्म्या वयाचं पोर रं ते, डोळ्यात पाणी हुतं त्येच्या. मला मेल्याहून मेल्यागत झालं. मग सांगून टाकलं, लगीन झाल्यापासनं वडते, तुजा बा आन् मी एकाच विडीत वडायचो. डॉक्टर रागावलं न्हाईत. आजी, एवढं आदी सांगायचं हुतं, म्हणालं. सा म्हैनं विडी सोडली तर पुन्यांदा बघू म्हणत्यात. उरलेलं बंडल त्येंच्याच टेबलावर ठिवलं.

आता लग्नाला मोकळ्या कानानं येणार. मी काय पदर वडून बसणार न्हाई. इहीणबाईनं इचारलं, पाळी कुटं गेली, तर चारचौघांत सांगीन, माज्या लेकानं घराण्याच्या अब्रूवरनं ववाळून टाकली.

आई बनुबाईचा अंगठा