प्राइससाहेबांची वेल्श पुस्तिका

करामा, दुबई
१७ नोव्हेंबर २००२

प्रिय हेमा,

तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं. त्यात लिहिलंयस, उल्हाससरांची आठवण आली की अजून किळस येते, पण मी अजून तिथे आहे म्हणून आपल्या प्रिंटिंग प्रेसबद्दल बरंही वाटतं. ते वाचून मी कार्ड उपडं ठेवलं. पंधरा दिवस झाले, तसंच आहे.

उल्हाससरांना आता काचेची केबिन मिळाली आहे. गिऱ्हाईक आलं की 'यस सर, शुअर सर', पाठ वळली की त्याच्या चालण्याची नक्कल. रमजान चालू आहे, माझा रोजा असतो, तर हे माझ्यासमोर समोसा खातात आणि तेलकट बोटांनी प्रूफ उचलतात. पूर्वी आपण दोघी जिन्यात जाऊन त्यांच्यावर हसायचो. आता हसू येत नाही.

गेल्या गुरुवारी प्राइससाहेब आले होते. तेच, अठ्ठ्याण्णव सालचे, वेल्सचे. काठी आली आहे हातात, पण छातीशी धरलेली निळी फाइल तीच. तुला आठवतं, पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, वेल्श म्हणजे इंग्लिशच ना? त्यांनी उलट विचारलं, तुम्ही दोघी आपसात बोलता ती हिंदीच ना? तू फणकाऱ्याने म्हणालीस, "नो सर, मराठी!" तेव्हा ते हसून म्हणाले, बघा, तुम्हालाही राग येतो. त्या दिवसापासून त्यांच्या वेल्श पुस्तिकेचं काम तुझं झालं. गल्फमध्ये राहून ज्याला वेल्श शिकायची आहे त्याने कुठला शब्दकोश घ्यावा, कुठल्या कॅसेट मागवाव्यात, पोस्टाने चालणाऱ्या कोर्सला कुठे लिहावं, कार्डिफचं कुठलं दुकान इथवर पुस्तकं पाठवतं, मुलांचा शनिवारचा वर्ग कोणाच्या व्हिलात भरतो, एक मार्चच्या त्यांच्या सणाला कोरसमध्ये गायला कोणाला फोन करायचा, सगळं त्या छत्तीस पानांत होतं. सणाच्या सूपची कृतीसुद्धा. त्यातली ती लांब भाजी करामात मिळेना, तर तू त्यांना कांद्याची पात घालायला सांगितलीस आणि त्यांनी खरंच तशी तळटीप टाकली!

हे सगळं ते नातवंडांसाठी करत होते. मुलं दुबईत वाढलेली, आजोबा वेल्शमध्ये विचारणार आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार. आपल्या बिल्डिंगमधली मुलं कुठे वेगळी आहेत.

त्यांच्या काही अक्षरांवर छपरासारखी खूण असते. ती नसली तर शब्द चुकतो. आपल्या फॉन्टमध्ये दोन अक्षरांवरची ती खूण नव्हती, आणि नेमकी घर, पाणी, नवरा अशा रोजच्या शब्दांत तीच अक्षरं. तू नऊ दिवस बसून छपाईच्या प्लेटसाठी कॉम्प्युटरवरून काढलेल्या बटर पेपरवर बारीक पेनने एकेक छप्पर काढलंस. मान अवघडली म्हणून मी तुला बाम चोळून दिला होता.

पुस्तिका छापून आली ती छपरांशिवाय. पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. एक मार्चच्या कार्यक्रमात तीनशे प्रती वाटल्या, आणि त्यांच्यातलाच एक शहाणा माइक घेऊन उभा राहिला. ज्यांना 'घर' लिहिता येत नाही ते आपल्या मुलांना भाषा शिकवणार, असं म्हणाला. लोक हसले. प्राइससाहेबांनी शनिवारचा वर्ग बंद केला. उरलेल्या प्रती घेऊन ते आपल्या काउंटरवर आले होते, तेव्हा तू आत होतीस. उल्हाससरांनी सांगितलं, आमच्या मुलीने निष्काळजीपणा केला. आठवड्यात तुझा व्हिसा कॅन्सल. खलास.

चिपळूणला काय झालं ते तूच मला लिहिलंस. काहीतरी केलं असेल म्हणून तर पाठवलं, असं लोक बोलले. सावर्ड्याचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. त्याच पत्रात शेवटी लिहिलं होतंस, शहनाझ, तू तरी टिकून राहा. मी ते पत्र वाचून जेवले, हेमा. पोटभर जेवले.

पुस्तिका छापायला गेली त्या शुक्रवारी तू सुट्टीवर होतीस. उल्हाससर म्हणाले, बटरवर डाग पडलेत, मशीन रिकामं आहे, कॉम्प्युटरवरून फ्रेश काढ. मी म्हटलं, वरच्या खुणा? ते म्हणाले, "अरे, कौन पढता है ये? यल्ला, निकाल." मी तुझी नऊ दिवसांची पानं फाडून कचऱ्यात टाकली आणि नवी काढली. मला दहा मिनिटं लागली. हे एवढंच असतं तर हुकूम होता म्हणून मी स्वतःला समजावलं असतं. पण प्राइससाहेबांनी काउंटरवर मलाच विचारलं होतं, शेवटची पानं कोणी काढली? मी म्हणाले, "हेमा." उल्हाससरांनी मला पढवलं नव्हतं. माझं तोंड आपोआप तसं वळलं. महिन्याभरात तुझी खुर्ची मला मिळाली.

आता चार घरांतल्या आयांनी आग्रह धरला म्हणून साहेब वर्ग पुन्हा सुरू करतायत. नवी आवृत्ती काढायची होती. काचेच्या केबिनमध्ये उल्हाससर म्हणाले, डोन्ट वरी सर, दॅट गर्ल इज गॉन. आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या डोळ्यात मी त्यांच्यासारखीच दिसत होते. मी तिथेच सगळं सांगितलं, कोण सुट्टीवर होतं, कोणी फाडलं, कोणी नाव घेतलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दोष देतील, निदान ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तुझा पत्ता लिहून मागितला, निळी फाइल उचलली आणि गेले. काम दुसऱ्या प्रेसला जाणार. उल्हाससर मला म्हणाले, झाला तमाशा? आता बस कामाला. आणि मी बसले. कोणाची किळस करायची ते मला आता नीट कळलं आहे.

काल साहेबांचा फोन आला होता. चिपळूणचा पिनकोड विचारायला. नव्या पुस्तिकेची प्रुफं ते छपरं तपासायला तुझ्याकडेच पाठवणार आहेत, आणि सोबत माफीचं पत्र, त्यात सगळं असेल. त्यांचं पाकीट बुधवारी निघेल. म्हणून हे आज टाकते आहे. तुला हे परक्या माणसाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढंच. उत्तर लिहू नकोस असं म्हणणार होते, पण तेही मी कोण ठरवणार.

तू म्हणशील तर तुझीच,
शहनाझ