मुठीतून काढलेला तळवा

प्रिय ठमे,

वसतिगृहातून पाठवलेलं तुझं पत्र परवा मिळालं. मठाने तुला नन म्हणून घेणं तीन वर्षं पुढे ढकललंय, कारण सांगितलेलं नाही, आणि तू लिहितेस, देवाची इच्छा असेल, मी मान तुकवलीय. तुझ्या आईने ते मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. तू मठात जाऊ नयेस म्हणून मी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. आता मनासारखं झालं तर घास का उतरत नाही, असं तिने विचारलं. दाढ दुखतेय म्हटलं. गेल्या वर्षी काढली तीच का, म्हणाली. या बाईसमोर खोटं टिकत नाही. टपालाने पाठवलेलं टिकतं.

चर्चसाठी बागेतला येशू घडवतोय. अटकेच्या आधीचा, गुडघ्यांवर बसलेला. मरणाचा हा प्याला टळू दे म्हणणारा, आणि मग, बरं, तुझ्या मनासारखं होऊ दे म्हणणारा. चेहरा झकास जमला. फादर बघायला आले, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, चेहरा शरण आलाय हो, पण हा प्रार्थनेला बसलाय की कुणाची गचांडी धरायला? तेव्हा मी मुठी पाहिल्या. नखं तळव्यात रुतावीत अशा आवळलेल्या. चार महिने मीच कोरत होतो आणि मलाच दिसल्या नव्हत्या. उघडा की, म्हणाले फादर. जणू डबाच आहे.

माती असती तर चिमूटभर लावून बोटं सरळ केली असती. दगडात भर घालता येत नाही. मुठीचा तळवा करायचा तर तो मुठीएवढ्याच दगडातून काढावा लागतो. बोटं आखूड, तळवा चिमुकला. एक हात उघडायला अकरा दिवस गेले. छिन्नी जरा जोरात बसती तर बोट गेलं असतं, आणि येशूचं बोट तोडल्यावर माणसाने तक्रार न्यायची कुणाकडे? आता त्या दणकट बाप्याला लहान मुलाचा हात आहे. चुकलंय की मुद्दाम, तुझ्या आईने विचारलं. दोन्ही, म्हटलं. शरण जाण्यात मोठेपण असतं असं लोक म्हणतात. मला तर त्यात माणूस कमी होताना दिसला. दुसऱ्या मुठीवर खुणा केल्या आणि तुझं पत्र आलं. तेव्हापासून हातोडा उचललेला नाही.

ठमे, तू मान तुकवलीस ती देवापुढे नव्हे. तू मुलाखतीला गेलीस त्याच आठवड्यात मी मठाच्या मदरना पत्र घातलं: पोरीला लहानपणापासून फिट येतात, आम्ही लपवलं, तिला कळू देऊ नका. पांढऱ्यावर काळं, माझ्या हाताने. तुला आयुष्यात साधी चक्करही आलेली नाही. वाटलं होतं, चिडशील, देवाशी भांडशील आणि घरी येशील. तू तर माझ्या खोटेपणाला देवाचं नाव दिलंस. आज सकाळी मदरना खरं ते कळवलं. नक्कल सोबत आहे. तुझी आईच ते पत्र वाचून टपालात टाकून आली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माफीचं तुझं तू बघ. एवढंच कर, बोलावणं आलं की तिथूनच परस्पर जा. निरोप घ्यायला घरी येऊ नकोस. तू दारात दिसलीस तर मी पुन्हा काहीतरी करीन. मी मला ओळखतो.

तुझाच,
बाबा