अंगणात पुन्हा रिंग आखू नये

लिहून ठेवणार: जमनीबाई हरिसिंग आडे, वय आधार कार्डावर त्र्याहत्तर, खरं कोणालाच माहीत नाही. राहणार तांडा, राजूरजवळ, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ.

मी हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं. वणीच्या अर्जनवीसाने सुरुवातीच्या ओळी झोकात बांधून दिल्या होत्या, पण त्यात मी मरायला अगदी टेकले आहे असं वाटत होतं. म्हणून त्या खोडल्या आणि माझ्या हाताने लिहायला बसले. मी तिसरीपर्यंत शिकले आहे. जिथं अक्षर समजणार नाही तिथं माझी सून जया हिला विचारावं, तिला माझ्या हाताची सवय आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेही केलं नसतं. पण येत्या होळीला माझा नातू बादल आणि त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा हिरासिंग, आमच्या अंगणात बॉक्सिंग लढणार असं दोघांनी ठरवलं आहे. ते मला होऊ द्यायचं नाही. तोंडाने सांगून झालं, जेवण टाकून झालं, आता कागदावर सांगते. हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. होळीच्या आधी सगळ्यांसमोर वाचायचा.

१. घर आणि अंगण माझ्या नावावर आहे. माझे मालक हरिसिंग यांना कचेरीत जाऊन रांगेत उभं राहायचा कंटाळा, म्हणून माझ्या नावाने कागद झाला. प्रेमाने दिलं असं कोणी समजू नये. राहती खोली, सयपाकघर आणि मागची पडवी माझ्यामागे हिरासिंगची. अंगण मात्र एकट्या जयाचं. तिने ऐन मधोमध, जिथं हे लोक चुन्याने चौकोन आखतात तिथं, संडास आणि न्हाणी बांधावी. इतकी वर्षं ती मागते आहे आणि इतकी वर्षं पुरुष म्हणतात, जागा मोकळी राहू दे, खेळायला लागते.

२. हरिसिंगचा कप आणि ग्लोव्हज.

याबद्दल जरा जास्त लिहावं लागेल, कारण भांडणाचं मूळ इथं आहे. आमच्या घरात तीन हेवीवेट झाले, म्हणजे सगळ्यात जड वजनाच्या गटात लढणारे. हरिसिंग खाणीत कोळसा भरायचा आणि खाणीच्या मंडळाकडून लढायचा. मग हिरासिंग. आता बादल. तिघांमध्ये भारी कोण, यावर राजूरच्या पानठेल्यावर जेवढा चुना खपला तेवढ्यात माझं घर दोनदा रंगलं असतं. मला कोणी विचारलं नाही. पण तिघांची सुजलेली तोंडं मिठाच्या पुरचुंडीने शेकली ती मी, तर माझं मत लिहून ठेवते.

हरिसिंगचा उजवा हात खरा होता. लागला की समोरचा भिंतीला टेकवलेलं पोतं घसरावं तसा खाली यायचा. खाणीतली पाळी करून, काळ्या तोंडाने, शिळी भाकर खाऊन रिंगमध्ये उतरायचा. ग्लोव्हजची एकच जोडी, आधीच्या गड्याच्या घामाने ओली. हे सगळं तो सांगायचा. एक सांगायचा नाही. त्या काळी पोटभर जेवलेला माणूसच कमी, तर एवढ्या वजनाचा गडी आणायचा कुठून? ज्या साली त्याने कप आणला त्या साली त्याच्या गटात तिघंच होते, आणि त्यातला एक तापाने पडला होता.

हिरासिंगचा ठोसा बापाएवढा नाही. पण पाय! अंगाने रेडा आणि चालणं मांजराचं. तो नागपूरपर्यंत गेला. तिथं शिकवलेले, पोटभर खाल्लेले, रोज सराव करणारे गडी होते, त्यांना हरवून आला. त्याचं तोंड मला सगळ्यात कमी शेकावं लागलं, यावरून काय ते समजा.

बादल अंडी मोजून खातो, झोप मोजून झोपतो, स्वतःची लढत फोनवर मागं-पुढं करून पाहतो. आणि हरतो. लोक हसतात, म्हणतात आज्याच्या बोटाची सर नाही. पण तो हरतो कोणाशी? सगळ्या राज्यातून निवडून आणलेल्या पोरांशी. हरिसिंगच्या वेळी ही पोरं समोर असती तर कप घरात आला असता का? आणि बादलला आठ तास कोळसा भरायला लावून मग उतरवला तर तो एक राउंड उभा राहील का? मी भाकरी थापता थापता हे किती वेळा मांडून पाहिलं. हिशोब लागत नाही. एकाची भूक दुसऱ्याला देता येत नाही, तर बरोबरी कशी करायची? हा प्रश्न पानठेल्याचा आहे, तिथंच थुंकून यावा. आमच्याकडे तो अंगणात आणला आणि हिरासिंगचा डोळा गेला.

ते असं झालं. बादल तेव्हा जन्मला नव्हता. हरिसिंगची पन्नाशी उलटली होती. होळीच्या दिवशी कोणीतरी टोचलं, आणि बाप-लेकाने ठरवलं की एकदाचं लढून पाहू, जुना जमाना भारी का नवा. आमच्या तांड्यात होळीला मुलगा बापाच्या पाया पडला की बाया थाळी वाजवतात. ही रीत. आणि घंटा नव्हती म्हणून राउंड सुरू करायलाही थाळीच वाजवायचं ठरलं होतं. दोन्ही थाळ्यांचा आवाज एकच, हे एवढ्या मोठ्या तांड्यात कोणाच्या डोक्यात आलं नाही. हिरासिंग वाकला, पायाला हात लावला. माझ्या चुलत दिराची बायको धुरपताबाई हिने रीतीची थाळी वाजवली. हरिसिंगला वाटलं राउंड सुरू झाला. पोरगा वर येत होता, हात खाली होते, आणि बापाचा उजवा सुटला.

डावा डोळा परत आला नाही. खेळाडूंच्या जागेवर नोकरी ठरल्यासारखी होती, ती डोळ्याच्या तपासणीत गेली. हिरासिंग आता राजूरला पंक्चर काढतो.

हरिसिंगने कधी माफी मागितली नाही. एवढंच म्हणायचा, "थाळी वाजलती." मग थोड्या दिवसांनी नवीन सुरू केलं: "आमच्या जमान्यात डोळा मिटला तरी गडी उभा राहे." लोकांना वाटे गर्व आहे. मी त्याच्याजवळ झोपत होते, मला माहीत आहे. माफी मागता येत नव्हती म्हणून तो जमाना काढायचा. जितकं पोराकडे बघवत नसे तितका स्वतःचा काळ मोठा करून सांगे. शेवटी दवाखान्यात एका दुपारी मला म्हणाला, "जमनी, त्याले इचार, थाळी ऐकली का त्यानं." मी बाहेर जाऊन विचारलं. हिरासिंग उठला आणि चहा आणायला गेला. तो परत आला तेव्हा बाप गेला होता.

म्हणून, कप माझे चुलत दीर, धुरपताबाईचे मालक धावजी यांना द्यावा. त्याची गोष्ट आयुष्यभर त्यांनीच सांगितली, आता धूळही त्यांनीच पुसावी. ग्लोव्हज चुलीत घालावे. कातडं वास मारेल, दार उघडं ठेवावं.

३. धुरपताबाई हिने रीत केली, तिचा दोष नाही. तरी तिचा आवाज आला की माझ्या कपाळात ठणका मारतो. माझा पाटा आणि वरवंटा तिला द्यावा. फार जड आहे. तिनेच उचलून न्यावा, कोणी हात लावू नये.

४. केसांत घालायच्या चांदीच्या घुगऱ्या आणि माझा आरशाचा घागरा मुलगी अंजू हिला, नेरला पोचता करावा. अंजू लहानपणी भावाला पाडायची. तिच्या हातात कोणी ग्लोव्ह घातला नाही. तिला कोणाशी तोललं नाही म्हणून तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, असं मी मनाला सांगते. पण बरं वाटत नाही.

५. बँकेत जे निघेल ते माझ्या मातीला खर्च करावं. उरलं तर जयाच्या न्हाणीला फरशी लावावी.

६. अट. बादल आणि हिरासिंग एकमेकांशी लढले, या होळीला किंवा कोणत्याही, या अंगणात किंवा दुसरीकडे, मी जिवंत असताना किंवा नसताना, तर घर दोघांनाही नाही. सगळं अंजूचं. तिचा नवरा लगेच विकेल, तो तसाच आहे, आणि मला चालेल.

एवढं लिहून मी रविवारी दुपारी घरात वाचलं. पुढचं त्यानंतर लिहिलं आहे.

बादल हसला. म्हणाला, "दादी, मी बाबाले जोरात नाही मारत ना. दोस्तलोक व्हिडिओ काढून राह्यले, बस."

मी म्हटलं, "तुह्या आज्यानंही जोरात मारायचं ठरवून नव्हतं ठेवलं."

धावजी म्हणाले, "भाबी, पण लोकायले पाहाचं आहे. तीन पिढ्या हेवीवेट, जिल्ह्यात दुसरं घर दाखव! एकदा समजू दे का..."

"तुम्ही चूप बसा जी," धुरपताबाई म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या बाजूने बोलली.

जया नवऱ्याला म्हणाली, "अन् तुम्ही कायले हो म्हटलं? एक डोळा उरला तो भारी झाला काय?"

हिरासिंग खाली बघत होता. "पोरगं म्हणे लढ. नाही कसं म्हणू?"

"मंग बाबा, तुम्ही तयारी काहून नाही करून राह्यले?" बादल म्हणाला. "पंचिंग बॅगले हातबी नाही लावला."

"तयारी कायची? हात उचलाचाच नाही तं."

मग हिरासिंग माझ्याकडे वळला. "याडी, त्या होळीले मले थाळी ऐकू आलती. बापूचा खांदा फिरला तोबी दिसला. हात वर आणायले टाइम होता. बापावर नाही उचलला." आणि बादलला म्हणाला, "तुह्यावरबी नाही उचलणार. तुले माराचं तं मार."

बादलने बापाकडे पाहिलं, नीट, त्या मिटलेल्या डोळ्याकडे. मग दारात जाऊन फोन लावला. "कॅमेरा नको आणू बे. नाही होत. काहून म्हणजे? नाही होत."

मला राग आला. मी म्हटलं, "तुह्या बापानं इचारलं तवा काहून नाही सांगितलं? थाळी ऐकली, एवढं तरी म्हणाचं. सुखानं गेला असता."

हिरासिंग म्हणाला, "आन् मंग पुढचं इचारलं असतं त्यानं. थाळी ऐकली तं हात काहून नाही उचलला? पोरानं जाणून मार खाल्ला, हे ऐकून गेला असता तो."

दोघांनी एकमेकांना जपलं आणि दोघंही एका घरात एकटे जेवले. वाढत मी होते.

बादल म्हणतो, आता ती सहाव्या नंबरची अट काढून टाक. काढणार नाही. होळी दरवर्षी येते, आणि धावजींचं तोंड अजून चालू आहे.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, मला समजलं. पटलं तेवढंच ठेवलं आहे.

सही: जमनीबाई हरिसिंग आडे
(सही येते, तरी अंगठाही देते, नंतर कोणी माझी नाही म्हणू नये.)

साक्षीदार, ज्यांना घर, अंगण, चांदी यातलं काही मिळणार नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. खेमसिंग, तांड्याचे नाईक
२. उज्ज्वला, अंगणवाडी सेविका, राजूर

ठिकाण: तांडा, राजूरजवळ, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ
तारीख: २२ फेब्रुवारी २०२६