यंदा नुसती पाती

लाडक्या धाकट्या, तुला आणि तुझ्या घरादाराला ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. केशराची फुलं वाकून खुडणं सोडलं. आता टेबलाशी बसून त्यांतले लाल तंतू वेगळे करते. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण! तुझ्या लेकीचा खोकला थांबला का?

मळ्याच्या मालकाने टाकून दिलेले केशराचे बारके कंद मी खोलीमागे लावलेत. यंदा नुसती पाती आली. मुकादम हसला, "मावशी, गवत पेरलंत की काय?" म्हटलं, "हसा खुशाल. कंद पोसला की फुलेल."

तू परत ये म्हणतोस. पण इतकी वर्षं दुसऱ्याची फुलं खुडली रे. स्वतःचं एक तरी फुलल्याशिवाय मी हलणार नाही. त्यातून तीनच तंतू निघतील. ते घेऊन येईन, तू दूध तापव.

तुझी हट्टी ताई