यादीतले तीस दिवस

८ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी
चार वाजता सुटलो. जेलमध्ये एकूण तीन तास. याला अटक म्हणणं बरोबर नाही. कागदोपत्री गैरसमज म्हणता येईल. मार्चमध्ये तळ्यावर गळ टाकून बसलो होतो. खात्याच्या माणसाने मासेमारीचा परवाना मागितला, तो संपलेला निघाला. कोर्टाची तारीख मिळाली, ती लक्षात राहिली नाही. एवढंच. मासा तर एकही लागला नव्हता.
शेरीफचा डेप्युटी रँडल शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा. त्यानेच फोटो काढला. नवी तारीख २९ एप्रिल, सकाळी नऊ. डोक्यात पक्की बसवली आहे. इथे लिहिली ती केवळ सवय म्हणून.

त्याच दिवशी, रात्री जेवणाआधी
फोटो जेलच्या वेबसाइटवर आला. आर्व्हिल कूम्स, वय ५५. एक डोळा अर्धा मिटलेला. गुन्हा: 'कोर्टात हजर न राहणे'. कशासाठी हजर राहायचं होतं, ते लिहिलेलंच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, मी कुणाचं तरी घर जाळलं.

९ एप्रिल, सकाळी ८:४०
खरा प्रश्न आईचा. वय ८३. रोज सकाळी टॅबलेटवर जेलची यादी उघडते आणि फोनवरून तिच्या मैत्रिणीला, मोझेलबाईंना, वाचून दाखवते. मोझेलबाईंकडे इंटरनेट नाही. प्रत्येक नावानंतर आई म्हणते, "त्याच्या आईचा विचार कर गं." हे वाक्य तिच्या तोंडून माझ्याबद्दल निघता कामा नये. उपाय सुचला आहे.

९:३०
काम फत्ते. आईकडे गेलो, ती स्वयंपाकघरात असताना इंटरनेटच्या डब्याची वायर काढून खिशात घातली. म्हणालो, कंपनीचा बिघाड दिसतोय. ती म्हणाली, "असं का." अगदी भोळी आहे.

१० एप्रिल
जेलला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, सुटल्यापासून तीस दिवस फोटो राहतो. म्हणजे ८ मे. मी विचारलं, राहणारच असेल तर दुसरा देऊ का? चुलतभावाच्या लग्नातला चांगला आहे, कोटातला. त्यांनी 'थांबा' म्हणून फोन धरायला लावला तो अकरा मिनिटं. नकार दिला असं म्हणता येणार नाही.

१४ एप्रिल
आता रोज आईकडे जावं लागतं. दुसरं कुणी येऊन तो डबा दुरुस्त केला तर पंचाईत. सकाळी आठ ते दुपारी चार. राजम्याचं कालवण आणि मक्याचा पाव, काल तेच, परवा तेच. टीव्हीवर दिवसभर दागिन्यांची विक्री. खिडकी बंद, हीटर चालू. एप्रिल महिना आहे हे तिला पटत नाही.
दुकान बंद ठेवलं तरी नुकसान नाही. गवत कापायची मशिन्स दुरुस्तीला येतच नाहीयेत. यंदा गवत उशिरा वाढतंय. (आईच्या अंगणातलं गुडघ्याला लागतं, पण तिथली माती वेगळी.)
किराणा दुकानातली मुलगी म्हणाली, "बाहेर आलात का?" मी म्हटलं, हो, हवा छान आहे. कुणाला काही कळलेलं नाही.

२१ एप्रिल
आईने परस्पर कंपनीत तक्रार केली होती. माणूस आला. फाटकातच अडवला, म्हणालो, इथे कुणी राहत नाही. मागे आई खिडकीतून त्याला हात करत होती. त्याने विचारलं, "मग त्या कोण?" मी म्हटलं, पाहुण्या आहेत. त्याने गाडी वळवली. आईला सांगितलं, पत्ता चुकलेला माणूस होता. ती म्हणाली, "असं का."
अजून सतरा दिवस. वजन वाढलंय.

२३ एप्रिल
आई म्हणाली, "मोझेल आठ वाजता फोन धरून बसते, तिला सांगायला माझ्याकडे काही नाही. वाचनालयात जा आणि यादी छापून आण."
आयुष्यात क्वचित अशी युक्ती सुचते. यादी हाताने लिहून नेली, माझं नाव गाळून. आई म्हणाली, "हे तुझं अक्षर आहे." म्हटलं, छापायचं यंत्र बंद आहे. खऱ्या यादीत मला धरून तिघेच होते. दोनच नावं भिकार दिसतात म्हणून पदरची तीन घातली.
तिथेच फसलो. आई प्रत्येकाला विचारते, "हा कुणाचा?" आमच्या काउंटीत आडनावावर भागत नाही, आजोबा लागतात. तीन खोटी माणसं, तीन खोटे आजोबा, एकाची तर बायकोही. घामाघूम झालो. उद्या पुन्हा.

२८ एप्रिल
चूक झाली, पण कुणाचीही झाली असती. आज यादीत डॅरिल घातला होता.
"कुठला डॅरिल?"
समोर भिंत, मागे हीटर, आई चष्म्यावरून बघतेय. तोंडातून निघून गेलं, "मोझेलबाईंचा भाचा."
"काय केलं त्याने?"
"हजर राहिला नाही." दुसरा गुन्हा सुचलाच नाही.
मी ग्लास खाली ठेवेपर्यंत आईने फोन लावला होता.

२९ एप्रिल
समाधानाचा दिवस. मोझेलबाईंना झोप नव्हती. डॅरिल ट्रक चालवतो, फोन उचलत नव्हता. आई म्हणाली, "मला तिच्याकडे ने, एकटी बसलीय ती." साडेआठला निघालो, सोबत आईने भाजलेला ॲपल-पाय. मोझेलबाई ॲप्रनने डोळे पुसत म्हणाल्या, "तान्हा होता तेव्हापासून मी वाढवलाय त्याला." मी त्यांचा हात धरून बसलो. मलाही भरून आलं.
अकराला डॅरिलचा ओहायोहून फोन. जेवत होता. कोण म्हणतं म्हणून विचारत होता. मी सांगितलं, जेलची चूक असणार, त्या लोकांना साध्या नोंदी ठेवता येत नाहीत. मोझेलबाईंनी माझ्या गालाचा पापा घेतला. आई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती.
एकूण आज कुणाच्या तरी उपयोगी पडलो. आज आणखी काहीतरी करायचं होतं असं सारखं वाटतंय. टायरमध्ये हवा भरायची असेल.

३० एप्रिल, रात्री, जेलमध्ये (कागद रँडलने दिला)
सकाळी आईकडे होतो. दारात रँडल. टोपी हातात. म्हणाला, "आर्व्हिल, काल कोर्टात तुझ्या नावाचा तीनदा पुकारा झाला."
मी म्हटलं, हळू बोल. आई आतून आली. तिने रँडलला कॉफी विचारली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "केस ओले करून भांग पाड. मागच्या फोटोत टोपीने चपटे झाले होते."
रँडल जमिनीकडे बघायला लागला.
मी विचारलं, कधी बघितलास?
"दुसऱ्याच दिवशी. आठ वाजता. तू आलास तोवर मोझेलला वाचून झालं होतं."
"मग वायर काढू कशी दिलीस?"
"तू रोज यायला लागलास," ती म्हणाली. "त्याआधी नाताळला आला होतास."
मग तिने कंगवा आणून दिला. डॅरिलचं मात्र तिला खरं वाटलं होतं. "ते तू करायला नको होतंस," म्हणाली. "ती बिचारी रात्रभर बसून होती." गाडीत रँडलने रेडिओ लावला नाही.

१ मे, सकाळी ८:१०
पहाटे सुटलो. परवान्याचं प्रकरण वेगळं, हजर न राहणं आता दोनदा. नवा फोटो, नवे तीस दिवस. नवी तारीख फ्रिजवर लावली आहे, आईच्या, कारण मी इथेच येतो.
वायर जोडून दिली. तिने टॅबलेट उघडला, फोन लावला. तिसरं नाव माझं होतं. वय, उंची, गुन्हा, सगळं नीट वाचलं. पलीकडून मोझेलबाईंनी काहीतरी विचारलं.
आई म्हणाली, "हो, माझाच. समोर बसलाय. अंडं खातोय."