गुरुवारचा दुसरा डोस

रा. रा. गुणवंतराव व्याही यांचे सेवेशी,

व्यंकटरावाचा हात जोडून (आणि सध्याच्या सरकारी नियमाप्रमाणे सहा फूट लांबून) नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? आमच्या घरी आपला विषय निघाला की आधी त्या गुडघ्याची चौकशी होते आणि मग आपली, तरी राग मानू नये. आपल्या म्हशीच्या गळ्याखालची सूज उतरली असेलच. नसेल तर कळवावं, कारण माणसांच्या दुखण्यात आता मला कोणी काही विचारत नाही, पण म्हशीच्या बाबतीत माझ्या शब्दाला अजून किंमत आहे. इकडे सगळे जागच्या जागी आहेत. आपल्या जावयाची, म्हणजे हरीशची, पेरणी अर्धी उरकली, आपली सौ. कन्या ड्युटीवर आहे, आणि आमचं कुटुंब मनकर्णा मला दिवसातून तीन वेळा हळदीचा काढा पाजते, त्यामुळे मी आतून पिवळा झालो असल्यास नवल नाही. फोन करायचा सोडून पत्र का, असं आपल्या मनात येईल. एक तर नंबर फिरवला की आधी कोरोनाच्या रेकॉर्डमधली ती बाई खोकून दाखवते आणि मग उपदेश करते, तोवर मी काय बोलणार होतो तेच विसरतो. दुसरं म्हणजे, मला जरा कमी ऐकू येत असल्यामुळे मी फोनवर बोललेलं कनेरगाव नाक्याच्या ढाब्यांवर ऐकू जातं, असं घरच्यांचं म्हणणं आहे. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

पत्रास कारण आपली मंजुषा. (घाबरू नये, तक्रार नाही. आठ वर्षांत तिनं तक्रारीला जागा ठेवलेली नाही, आणि हे माझं एक जुनं दुःख आहे.) आपल्याला माहीतच आहे की उपकेंद्रातली सिस्टर म्हणून आमच्या गावासोबत वसरामनाईकाचा तांडाही तिच्याकडे येतो. मे महिन्यात ती कोरोनाच्या लसीचा निळा डबा घेऊन, आशाताईला सोबत घेऊन, एकशेचाळीस नावांची यादी घेऊन तांड्यावर गेली, तर तिथे शेळ्या सोडून कोणी नाही. वसरामची बायको रूपाबाई तेवढी दारात बसलेली. तिनं सांगितलं की सगळे लग्नाला गेले. मंजुषानं तिला समजावलं की सध्या लग्नाला पंचवीसच माणसांची परवानगी आहे. त्यावर रूपाबाई म्हणाली की व्हय, म्हणून पंचवीस-पंचवीस करून गेले. दुपारी चारपर्यंत पोरगी बाभळीखाली बसून राहिली आणि भरलेला डबा तसाच घेऊन परत आली. घरी येऊन जेवली नाही, कोणाला रागावली नाही, नुसती ओट्यावर बसून यादीकडे बघत राहिली. मला ते बघवलं नाही.

आता तांड्यातले लोक अडाणी म्हणून पळाले, असं तहसीलचे लोक म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. पूल वाहून गेला तेव्हा तीन वर्षं जी सरकारी जीप फिरकली नाही, ती आता भोंगा लावून रोज दारात येते, तर माणसाला शंका येणारच. टीव्हीवर सकाळी एक डॉक्टर वाफ घ्या म्हणतो आणि संध्याकाळी दुसरा डॉक्टर वाफेनं नाक भाजतं म्हणतो. मोबाईलवर तर लस घेतलेल्याच्या दंडाला पळी चिकटते इथपर्यंत शोध लागलेले आहेत (आमच्या हरीशनं स्वतःच्या दंडाला घरातली प्रत्येक पळी लावून पाहिली, एक उलथणं घामामुळे थोडा वेळ टिकलं). आणि या सगळ्याच्या वर, वसरामचा थोरला भाऊ एप्रिलमध्ये या आजारात गेला. दवाखान्यात जाताना तो स्वतःच्या पायांनी गाडीत चढला होता, आणि परत त्याचं तोंडसुद्धा कोणाला दिसलं नाही. त्यात चूक कोणाची नव्हती, पण वसरामला ते कोण आणि कसं समजावणार? वसरामची स्वतःची छाती बिड्यांनी पोखरलेली आहे. त्याला हे दुखणं लागलं तर तो वाचायचा नाही, हे मला कळतं आणि त्यालाही कळतं. आपल्याला म्हणून लिहितो, मला त्याची फार काळजी वाटते. या वयात बैलाविषयी तासभर बोलता येईल असा माझा तो एकच माणूस उरला आहे.

म्हणून मी स्वतः तांड्यावर गेलो. बत्तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी त्या वस्तीत फऱ्या, घटसर्प आणि लाळ्या-खुरकताच्या सुया घेऊन जात होतो. तांड्यातली मंडळी मला डॉक्टरसाहेब म्हणतात आणि मी कधी दुरुस्त केलेलं नाही. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले, तेव्हा बैलाच्या बाबतीत त्यांना फसवणं कोणालाच जमत नाही. बाजेवर बसवून, काळा चहा पाजून वसरामनं सरळ हिशेब मांडला: "तुमी आमच्या बैलायला इतकी वर्सं टोचून राहिले, एकबी बैल सुईनं मेला न्हाई. ह्या सिस्टरबाईची सुई आमाला ठाऊक न्हाई, तुमची ठाऊक हाये. तुमीच टोचा, सारा तांडा घेते." मी म्हणालो की बाबा, माझा परवाना चार पायांचा आहे. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. एकानं मंजुषाची सुई पाहिली होती, त्याचं म्हणणं पडलं की एवढ्या बारीक सुईतून जाणारं औषध काय कामाचं, बैलाची सुई कशी दाभणाएवढी असते. रूपाबाईची अडचण वेगळीच होती. हल्ली लस दिलेल्या जनावराच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारतात, तेव्हा माणसांना तो कोणत्या कानात मारणार, आणि तिचे कान तर आधीच दागिन्यांनी भरलेले. लसीचा कागद मिळतो, बिल्ला नाही, हे पटवायला मला अर्धा तास लागला, आणि पटल्यावर ती थोडी नाराजही झाली.

मग वसरामनं नेमका प्रश्न काढला. दुसरी सुई आधी अठ्ठावीस दिवसांनी म्हणाले, मग पंचेचाळीस म्हणाले, आता चौऱ्याऐंशी म्हणून राहिले, तर ह्यायलाच बराबर ठाऊक न्हाई का? व्याहीसाहेब, या ठिकाणी मी जे भाषण केलं ते आपण ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, नाईक, जो काल चुकलो म्हणून आज कबूल करतो त्याच्यावरच भरवसा ठेवावा. शास्त्राचं तेच आहे. ते पाहतं, मोजतं, आणि कालचं चूक निघालं तर चारचौघांत शब्द बदलतं, त्याला लाज वाटत नाही. बाजारात बैल विकणारा कधी म्हणतो का, की कालपर्यंत मला हा चार दाती वाटत होता, आज नीट पाहिलं तर सहा दाती, म्हणजे वयानं मोठा आहे? तसा कोणी भेटला तर तुम्ही डोळे झाकून बैल घ्याल. हे तांड्याला फार पटलं. एक-दोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं की नोकरीत असताना मी उगाच गप्प राहिलो.

तेवढ्यात रूपाबाईनं विचारलं की तुमी घेतली का? मी म्हणालो, घेतली तर. मार्चमध्येच, हिंगोलीला जाऊन, पेन्शनवाल्यांच्या रांगेत उभं राहून. काही वाटलं नाही, मुंगी चावल्यासारखं झालं. दोन दिवस दंड तेवढा दुखला, मनकर्णेनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकला आणि शिरा करून घातला. (मनकर्णेला एक शंका होती, की पहिल्या दिवशी डावा दंड शेकला आणि दुसऱ्या दिवशी मी उजवा का पुढे केला. मी तिला समजावलं की औषध अंगात फिरतं. हेही शास्त्रच आहे.)

माझ्या शब्दावर तिथल्या तिथे एकतीस जणांनी नावं दिली. मंजुषाला सांगितलं, तर रात्री भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा आला. वसराम मात्र बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, मार्चपासून तुमचे चौऱ्याऐंशी भरले की. तेव्हा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी तांड्यावर कॅम्प घ्यायचा, एकाच बाजेवर दोघांनी बसायचं, आधी तुमचा दुसरा डोस आणि मग माझा पहिला. तुमी न्हाई आले तर मी न्हाई, आन् मी न्हाई तर तांडा न्हाई. मी लगेच हो म्हणालो. त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही.

असो. बाकी इकडे सर्व बरं आहे. विहीणबाईंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद, म्हशीस जपावं. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
व्यंकटराव

ता. क. मागच्या खेपेला विहीणबाईंनी ज्या डब्यातून लोणचं दिलं होतं तो डबा आमच्याकडे सुखरूप आहे. तो परत करण्याच्या निमित्ताने मी येत्या सोमवारी आपल्याकडे येईन म्हणतो.

आणखी ता. क. डबा हे निमित्त आहे. व्याहीसाहेब, मी लस घेतलेली नाही. मार्चमध्ये हिंगोलीला गेलो, रांगेत उभा राहिलो, त्रेचाळीस नंबरचं चिठोरं हातात आलं, आणि बेचाळिसावा माणूस बाही वर करताना दिसला तसे माझे पाय आपोआप बाहेर आले. स्टँडवर भजी खाल्ली आणि दंड धरून घरी आलो. बत्तीस वर्षं सुई जवळ आली की जनावराचा डोळा कसा होतो हे मी रोज पाहिलं आहे. तो डोळा त्या दिवशी मला आतून कळला. आता गुरुवारी सुनेच्या हातून, सगळ्या तांड्यासमोर, मी बाजेवरून घसरून पडलो तर तोंड कुठे लपवू? आणि खोटं उघडं पडलं तर एकतीस नावं जातील, वसराम जाईल, आणि माझी पोरगी पुन्हा ओट्यावर बसेल. शास्त्र शब्द बदलतं म्हणून मी मोठं भाषण केलं, पण माझा शब्द बदलायची माझी छाती होत नाही. तेव्हा एवढी कृपा करावी. सोमवारी मला आपल्याकडच्या केंद्रात न्यावं, तिथे मला कोणी ओळखत नाही. घट्ट धरावं. कागद घेऊन मी परत येईन आणि तांड्यावर सांगेन की दुसरा डोस व्याह्यांकडेच उरकला. कागदावर जिथे 'पहिला' लिहिलेलं असेल तिथे घडी पाडता येईल. (वसरामला वाचता येत नाही, पण त्याची नात दिपा दहावीला आहे आणि फार बारीक वाचते, याची धास्ती आहेच.)

शेवटचा ता. क. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घालावं. मंजुषा नाक्यावरच्या दूधगाडीवाल्याकडे देणार आहे. तिला सांगितलं आहे की यात म्हशीच्या सुजेबद्दल आहे.

ती. बाबांस मंजूचा नमस्कार.

पाकीट चिकटवायला मामंजींनी माझ्याचकडे दवाखान्याची चिकटपट्टी मागितली, तेव्हा मीच चिकटवते म्हणाले. म्हशीच्या सुजेसाठी चार कागद जरा जास्त वाटले, म्हणून वाचलं. रागावू नका.

त्यांनी लस घेतली नाही हे मला मार्चपासून माहीत आहे. माझ्या मोबाईलवरच्या लसीच्या यादीत त्यांचं नाव अजून 'बाकी' मध्ये दिसतं. सासूबाईंना तर दुसऱ्या दंडापासूनच माहीत आहे. त्या म्हणाल्या, तेवढेच दोन दिवस घरात शांतता होती, म्हणून शेकून दिलं. आम्ही दोघी वाट बघत होतो की ते स्वतःहून सांगतील.

आज सकाळी मी वसरामकाकांकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. नावं गेली तर गेली, पण खोट्यावर कोणाला सुई द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. काका कितीतरी वेळ हसत होते, मग खोकत होते. त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या गोठ्यात बैलानं झटका दिला आणि सुई मामंजींच्याच अंगठ्यात घुसली, तेव्हा मामंजी शेणात आडवे झाले होते आणि रूपाबाईंनी त्यांच्या तोंडावर घागर ओतली होती. तो माणूस मुंगी चावली म्हणतो तेव्हाच काका समजले. म्हणूनच एका बाजेवर बसायची अट घातली. मला म्हणाले, "जीपमधून येतात ते कोणीच भेत न्हाईत, त्यायचं पाहून आमी काय समजावं? आमच्यावानी भेणारा माणूस आमच्यासमोर घेत असंल तर मंग आमीबी घेतो."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तांडाभर झाली. एकतीसची शहाण्णव नावं झाली आहेत, आणि पलीकडच्या वाडीचे लोकही विचारून गेले. हे मामंजींना कोणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. सोमवारी ते आले तर लोणच्याचा डबा ठेवून घ्या, जेवू घाला, म्हैस दाखवा, केंद्र बंद आहे म्हणा आणि बुधवारी परत पाठवा. आईला सोबत पाठवलंत तर बरं, विहीणबाईंसमोर ते पळणार नाहीत.

कॅम्प दहा वाजता आहे. काकांनी बाज बाभळीखाली घालून ठेवली आहे. मामंजींचा हात मी धरून बसतो, असं ते म्हणाले. पण तसं म्हणताना त्यांनी बिडी उलट्या टोकाकडून पेटवली, म्हणून कोण कोणाचा हात धरणार ते मी विचारलं नाही.

तुमची,
मंजू