पोटावरचा शेक

आई,

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तू निमूट ऐकशील. मी माझं पोट कापून घेतलं. गाठ नव्हती, गर्भपिशवीचं काही नव्हतं, कसला आजार नव्हता. लोंबणारी कातडी नकोशी झाली म्हणून इथे मस्कतच्या एका खाजगी हॉस्पिटलात स्वतःच्या पायांनी चालत गेले आणि ती काढून टाकून आले. त्याच वेळी छातीही कमी करून, वर उचलून घेतली. तू होतीस तेव्हा असलं काही फक्त सिनेमातल्या बायका करतात एवढंच आपल्याला ठाऊक होतं. आता आमच्या ऑफिसातल्या दोघींनी केलंय आणि डबा खाताना सर्दीपडशाबद्दल बोलावं इतक्या सहज त्याबद्दल बोलतात. तुझा चेहरा मला दिसतोय. तू बोलली नसतीस काही. पदर सारखा केला असतास आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली असतीस.

का केलं, हे सांगायला मला एक प्रसंग पुरतो. रुवीतल्या सुपरमार्केटात कांदे निवडत उभी होते. एक म्हातारी ओमानी बाई शेजारी आली, माझ्या पोटावर प्रेमाने हात ठेवला आणि म्हणाली, "माशाल्ला. कम शहर?" म्हणजे कितवा महिना. माझा धाकटा तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि मागे ट्रॉली घेऊन उभा होता. मी काय करावं? हसले आणि म्हटलं, "सहावा." तिने माझ्यासाठी तिथल्या तिथे दुआ मागितली, मुलगाच होऊ दे म्हणून. घरी येऊन मी न्हाणीघराचं दार लावलं आणि आरशात बघितलं. छाती पोटावर, पोट मांड्यांवर. उन्हाळ्यात इथे छातीखाली घामाने कातडी सोलवटते, पावडर टाकून टाकून मी कंटाळले होते. तुझे जावई सोहारला फॅक्टरीत असतात, गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला हवं तर कर. मला काय, तू आहेस तशी बरीच आहेस." या वाक्याने मला इतका राग आला की दुसऱ्याच दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

तू मात्र मला सावध केलं होतंस. थोरलीच्या वेळची बाळंतीण मी, गुहागरच्या आपल्या मागच्या खोलीत बाजेवर पडले आहे. खाली शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा, खोलीभर धूर. तू चुलीवर तवा ठेवतेस, जुन्या लुगड्याची घडी त्यावर दाबतेस, मग आधी स्वतःच्या गालाला लावून बघतेस आणि नंतर माझ्या पोटावर ठेवतेस. "भाजतंय?" विचारतेस. मी म्हणते, "भाजतंय." तू म्हणतेस, "भाजू दे थोडं," आणि घडी जरा उचलतेस. शेकून झालं की त्याच लुगड्याच्या पट्ट्यांनी माझं पोट करकचून बांधतेस, गुडघा बाजेला टेकवून, एखादी बॅग बंद करावी तसं. तू दुपारी डोळा लावलास की मी गाठ सैल करायची. एकदा तू पकडलंस आणि मांडीवर चापट मारलीस. "आज मोकळं सोडशील तर जन्मभर हे पोट घेऊन फिरशील." मस्कतला निघाले तेव्हा तू त्या पट्ट्या धुऊन, घड्या घालून माझ्या सामानात ठेवल्या होत्यास. मी इथे त्यांची ओटा पुसायची फडकी केली.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी मला उघडं उभं केलं आणि मार्करने माझ्या अंगावर रेघा मारल्या. मिसरी डॉक्टर, इजिप्तचा, वयाने माझ्याएवढाच, हात अगदी शांत. शिंप्याने खडूने कापडावर खुणा कराव्यात तशा त्याने खुणा केल्या आणि मी कापडासारखी गप्प उभी राहिले. मला वाटलं होतं, झोपून उठेन आणि बारीक झालेली असेन. उठले तर मला सरळच होता येईना. पोटाची कातडी इतकी ओढून शिवलेली की कमरेत वाकूनच चालायचं. दोन्ही बाजूंना नळ्या आणि त्यांच्या टोकाला लाल पाण्याने भरलेले फुगे. छातीवर घट्ट पट्टा, पोटावर दुसरा. थोरलीने मला संडासापर्यंत धरून नेलं आणि तिच्या खांद्याला धरून चालताना मला काचेत माझी आकृती दिसली. आई, ती आपली आजी होती. काठी टेकत अंगणातून जाणारी. मी तरुण दिसायला आले होते.

पहिल्यांदा पट्टा काढला तो दिवस मी विसरणार नाही. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लांब शिवण आणि वर मध्यभागी बेंबी, पण तिच्या भोवतीही टाके. मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल, की कातडी खाली ओढली की बेंबीला नव्या जागी भोक पाडून बाहेर काढावं लागतं. जिथे मी तुला जोडलेली होते ती जागा कुणी तरी कापून पुन्हा बसवली होती आणि मी त्याला सही करून परवानगी दिली होती. मग हात लावून बघितला आणि दुसरा धक्का बसला. बोटांना पोट लागत होतं, पोटाला बोट लागत नव्हतं. चिमटा काढला, काही नाही. "नसा कापल्या जातात, हळूहळू परत येईल, कधी कधी पूर्ण येत नाही," डॉक्टर म्हणाले. छातीचं मात्र चांगलं चाललं होतं. ती दुखत होती, आणि दुखतेय म्हणून मला बरं वाटत होतं.

आता चाचीबद्दल सांगते. दार्सैतला आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते, मुलासुनेकडे. आपल्याच बाजूची, दापोलीजवळच्या खाडीकाठची. तिचा नवरा पूर्वी इथल्याच सूर बंदरात मासळीच्या धंद्यात होता, तो गेल्यावर ती इथे आली. मला "बाय" म्हणते. मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं, तिलाही. ती रोज सकाळी तांदळाची पेज घेऊन यायची, माझ्या पट्ट्याकडे बघायची आणि म्हणायची, "हर्नियाला इतको पट्टो? अगो, हत्तीचा ऑपरेशन केलानी काय तुजा?" हसले की टाके ओढायचे, म्हणून मी उशी पोटाशी धरायची. नळ्या निघाल्या होत्या, धाकटा आणि थोरली शाळेत, हे सोहारला. घरात मी आणि ती.

एका सकाळी ती म्हणाली, "पोट फाडलानी म्हंजे आत हवा शिरली. शेकल्याबिगर ती जायची नाय. मी शेकतंय, तू पड." मी पट्टा सोडून पडले. तिने आत जाऊन तव्यावर टॉवेल गरम केला आणि येता येता गालाला लावून बघितला. तुझ्यासारखाच, डावा गाल. मग माझ्या पोटावर ठेवला. "लागता काय गरम?" मी म्हटलं, "नाही." तिने पुन्हा गरम केला. "आता?" "नाही, चाची." मग ती खाली जाऊन आपल्या गुडघ्यांसाठी ठेवलेली रबरी पिशवी घेऊन आली, उकळत्या पाण्याची, टॉवेलमध्ये गुंडाळून. पोटावर ठेवली आणि कडेला बसून माझ्या केसांतून हात फिरवू लागली. मला काहीच लागत नव्हतं. मी म्हटलं, "टॉवेल काढा. नुसतीच ठेवा." तिने पिशवी उचलून धरली. "भाजशील गो." "नाही भाजत. ठेवा." तिने ठेवली. दुखण्याची गोळी घेतलेली होती, मला झोप लागली. इतकी गाढ झोप मला ऑपरेशननंतर पहिल्यांदाच लागली.

दुपारी थोरली शाळेतून आली, पट्टा बांधायला मदत करायला वाकली आणि तशीच राहिली. "आई, तुझी टमी... इट्स सो रेड. इथे पाणी भरलंय. तुला हर्ट नाही होत?" मी मान उचलून बघितलं. बेंबीच्या खाली, शिवणीच्या वर, मोठमोठे फोड आले होते आणि एका ठिकाणी कातडी पांढरी पडून सुटली होती. मला खरंच काही होत नव्हतं. भाजलेलं अंग डोळ्यांनी बघायचं आणि आतून सगळं शांत, हे किती भयंकर असतं ते मला सांगता येत नाही. मी थोरलीकडे बघितलं. ती रडत होती. माझ्या पोटाच्या वाटचं ती रडत होती असं मला वाटलं.

टॅक्सी बोलावली तेव्हा चाची खाली दारातच उभी होती. थोरलीने सांगताच ती चपला न घालता मागच्या सीटवर येऊन बसली. डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा शांतपणा गेला. ताणून शिवलेल्या कातडीला आधीच रक्त कमी मिळतं, त्यात हे. ही जागा काळी पडली तर मेलेली कातडी कापावी लागेल, कदाचित मांडीची आणून लावावी लागेल. काही दिवस फक्त वाट बघायची. मग भारतीय सिस्टरांकडून उचललेल्या हिंदीत विचारलं, "टमी टक के बाद हॉट वॉटर बॅग? आपको किसी ने बताया नहीं था?" मी छताकडे बघत राहिले. माझ्या आधी चाची बोलली. "डाक्टर साब, इसको कुछ मालूम नहीं. सेका मैंने. गलती मेरी है." तिचे अनवाणी पाय त्या गुळगुळीत फरशीवर फार लहान दिसत होते.

परत येताना टॅक्सीत ती अनवाणी पाय सीटखाली ओढून बसली. मग हळू आवाजात विचारलं, "हर्निया नव्हता?" मी नाही म्हटलं. "मग कशाला गो कापलास? चांगला पोट होता. दोन पोरा दिलान." सुपरमार्केटातल्या बाईची गोष्ट तिला सांगावी असं वाटलं, पण त्या क्षणी ती गोष्ट इतकी क्षुल्लक वाटली की तोंडातून निघेना.

ती जागा काळी पडली. तळहाताएवढी. रोज ड्रेसिंगला जायची, रोज सिस्टर चिमट्याने पट्टी उचलायची आणि मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायची. हे सोहारहून रजा घेऊन आले, तुझे जावई. रोज गाडीतून न्यायचे, आणायचे, एकदाही "मी सांगत होतो" म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. मेलेली कातडी थोडीथोडी कापून काढली, तेही मला लागलं नाही. दुसरी लावायची वेळ मात्र आली नाही. कडेकडेने भरत आली, फार सावकाश. आता तिथे गुळगुळीत, चकचकीत डाग आहे आणि त्यात अजूनही काही लागत नाही. साडी नेसले की छान दिसते मी. ऑफिसातल्या दोघी म्हणतात, पैसे वसूल. मी हसते.

चाची त्यानंतर वर आली नाही. पेज सुनेच्या हाताने यायची, मग तीही थांबली. लिफ्टमध्ये भेटली की नजर माझ्या पोटाशी जाते, "बरा हाय मा?" म्हणते आणि उत्तराची वाट न बघता दरवाजाकडे वळते. सून परवा सांगत होती, गुडघे सुजलेत पण शेक घेत नाहीत, ती पिशवी फेकून दिली. रात्री नमाजाला बसल्या की रडतात. कुणाच्या लेकीला मी जाळलं, म्हणतात.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने मला समोर बसवून नीट सांगितलं होतं, "मॅडम, हॉट वॉटर बॅग बिलकुल नहीं. पेट को मालूम नहीं पड़ेगा." मी दोनदा हो म्हटलं होतं. चाची तवा तापवायला आत गेली तेव्हा ते मला आठवलं. टॉवेल काढा म्हटलं तेव्हाही आठवत होतं. पण तू गेल्यापासून कुणी माझ्यासाठी काही गालाला लावून बघितलं नव्हतं आणि मला ते थांबवायचं नव्हतं. मला वाटत होतं, अजून जरासं गरम झालं तर लागेल.

हे तिला सांगायला हवं, तुला नाही. ती दोन मजले खाली आहे, आत्ता जागीही असेल. पण ती विचारेल, "मग बोललीस का नाय गो?" आणि तू काही विचारणार नाहीस, म्हणून मी तुला लिहीत बसले आहे.